थांबलेले घड्याळ

अलिबागच्या पुळणीवर उभे राहिले, की समोर समुद्रात कुलाबा किल्ला दिसतो. शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरीस या किल्ल्याच्या बांधणीस आरंभ झाला आणि पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ते एक मुख्य ठाणे बनले. या किल्ल्याची एक गंमत आहे. भरतीच्या वेळी तो चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेला असतो. परंतु मोठी ओहोटी लागली, म्हणजे मधले पाणी ओसरते आणि ओल्या वाळूवरून व खडकांवरून पायी चालत किल्ल्यात जाता येते. मात्र जाणाऱ्याने वेळेचे भान ठेवले पाहिजे. समुद्र कोणासाठी थांबत नाही.

मी तुमच्याएवढा होतो तेव्हाची गोष्ट. त्या वेळी आमच्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते; रायगड हे नाव त्यास १९८१ साली मिळाले. आमचे आजोबा रोज पहाटे पुळणीवर फिरावयास जात. त्यांच्या मनगटावर एक स्वयंचलित घड्याळ असे. त्या घड्याळास त्यांनी कधी किल्ली दिलेली आम्ही पाहिली नव्हती, तरी ते अखंड चाले. आम्हां मुलांस त्याचे फार नवल वाटे. "या घड्याळाला खायला काय लागतं, आजोबा?" असे आम्ही विचारीत असू. "माझी पायपीट!" असे म्हणून ते हसत. ते थट्टा करीत आहेत असे आम्हांस वाटे.

एके वर्षी मार्गशीर्षात अंगणातील शेवाळावरून आजोबांचा पाय घसरला आणि घोट्याजवळचे हाड मोडले. पायास प्लॅस्टर घातले गेले आणि आजोबा पलंगावर पडून राहिले. घड्याळ त्यांनी उशाशी काढून ठेवले होते. दोन दिवसांनी पाहतो, तो ते बंद! आजोबा काहीच बोलले नाहीत. पण घड्याळ हाती घेऊन ते बराच वेळ पाहत बसले. आपल्याबरोबर आपले घड्याळही अंथरुणास खिळले, असे त्यांच्या मनात आले असावे.

सुटीसाठी माझा मोठा मामेभाऊ आमच्याकडे आला होता. त्याने त्या रात्री घड्याळ उचलून दोनचार वेळा जोराने हलविले. लगेच ते टिकटिक करू लागले! शेजारच्या रेडिओवर वेळ ऐकून त्याने काटे बरोबर लावले आणि घड्याळ टेबलावर ठेवून दिले. आम्हांस वाटले, काम फत्ते झाले.

दुसऱ्या दिवशी वद्य तृतीया होती. कोकणच्या या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ अदमासाने कळते. तृतीयेची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती पूर्ण होणार. भरतीपासून ओहोटीचे अंतर सुमारे सहा तासांचे. म्हणून सकाळी आठच्या सुमारास पाणी सर्वांत खाली असणार. आजोबांनी आम्हांस बजावले, "सातला निघा, आणि नऊ वाजले की जिथे असाल तिथून परत फिरा." घड्याळ त्यांनी मामेभावाच्या मनगटावर बांधावयास दिले.

सकाळी मामेभावाने टेबलावरून घड्याळ उचलून हातावर बांधले, तेव्हा त्यात सहा वाजून वीस मिनिटे झाली होती. आम्ही सावकाश आवरले. निघताना आजी म्हणाली, "आज बराच उशीर केलात, ऊन तुळशीवर आलं की!" आम्ही हसून तिला घड्याळ दाखविले. त्यात बरोबर सात वाजले होते.

ओल्या वाळूवरून आम्ही किल्ल्यात गेलो. सिद्धिविनायकाचे देऊळ पाहिले, चोहोबाजूंस खारे पाणी असूनही गोड पाणी देणारी तेथील विहीर पाहिली, तटावरून हिंडलो. घड्याळात नऊ वाजताच आजोबांची आज्ञा आठवून दरवाजाबाहेर आलो आणि थबकलो. ज्या वाटेने आलो होतो, ती वाट पाण्याखाली गेली होती. आम्ही पुनःपुन्हा घड्याळाकडे पाहू लागलो. ते तर सुरळीत चालले होते! इतक्यात प्रवाशांना नेणारी एक घोडागाडी पाण्यातून परत निघाली होती, तिच्यावरील गाडीवान ओरडला, "अरे पोरांनो, घड्याळात काय बघता? पाण्याकडे बघा! सव्वादहा व्हायला आले!" त्याने आम्हांस वर ओढून घेतले. वाटेत घोड्याच्या पोटास पाणी लागले, तेव्हा आमच्या तोंडून शब्द फुटेना. पाणी चढू लागले, म्हणजे पहिल्या तासात ते हळू चढते. परंतु तिसऱ्या व चौथ्या तासांत त्याचा वेग सर्वांत अधिक असतो. आणखी अर्धा तास उशीर झाला असता, तर संध्याकाळपर्यंत आम्हांस किल्ल्यातच अडकून पडावे लागले असते. आणि वेडे धाडस करून पाण्यात उतरलो असतो, तर त्याहूनही भयंकर प्रसंग ओढवला असता.

घड्याळ एक तास दहा मिनिटे मागे होते. ते चालू होते आणि तरीही चुकीचे होते. हे कसे झाले?

त्याच संध्याकाळी आजोबांनी मला ते घड्याळ घेऊन बाजारातील एका वृद्ध घड्याळजींकडे पाठविले. त्यांनी सारी हकीकत ऐकून घेतली, डोळ्यास भिंग लावले आणि घड्याळाचे मागचे झाकण उघडून मला आत पाहावयास सांगितले. त्यांनी मला जे समजावून दिले, ते तुम्हांलाही कळावे म्हणून येथे सांगतो.

कोणत्याही यंत्रास चालण्यासाठी शक्ती लागते. मनगटी घड्याळात ही शक्ती एका पोलादी पट्टीत साठविलेली असते. ही लांब, पातळ पट्टी गुंडाळून एका वाटोळ्या डबीत बसविलेली असते. तिला मुख्य कमान म्हणतात. किल्ली दिली, म्हणजे ही कमान घट्ट गुंडाळली जाते. मग ती उलगडण्याची धडपड करते आणि त्या धडपडीने डबी फिरू लागते. डबीला लागून असलेली दातेरी चाके एकामागून एक फिरतात आणि त्यांच्याबरोबर काटेही फिरतात.

परंतु कमान मोकळी सोडली, तर ती भर्रकन उलगडून जाईल आणि काटे वेड्यासारखे धावतील. म्हणून तिला आवर घालणारी योजना असते. एक लहानसे तोलचक्र केसासारख्या बारीक कमानीच्या जोरावर एकदा उजवीकडे व एकदा डावीकडे असे झुलत असते. त्याच्या प्रत्येक झोक्याबरोबर एक लहानसा खटका चाकास नेमके तेवढेच पुढे सरकू देतो. आपणांस ऐकू येणारी टिकटिक ती हीच. स्वयंचलित घड्याळांत तोलचक्राचे असे झोके बहुधा सेकंदास सहा किंवा आठ पडतात. सहा धरले, तरी तासाचे २१,६०० आणि दिवसाचे ५,१८,४०० होतात!

आता स्वयंचलित घड्याळाचे वैशिष्ट्य पाहू. या घड्याळाच्या पाठीशी अर्धचंद्राकृती, जड धातूची एक पट्टी असते. तिला रोटर म्हणतात. ती मध्यभागी एका आसावर बसविलेली असून मोकळेपणी फिरू शकते. आपण चालताना हात हलवितो, वस्तू उचलतो, केस विंचरतो. त्या प्रत्येक हालचालीबरोबर हे वजन खालच्या बाजूस घसरते व गोल फिरते. त्याच्या फिरण्याने लहान चाकांमार्फत मुख्य कमान थोडी थोडी गुंडाळली जाते. एक खटका तिला उलट उलगडू देत नाही. कमान पुरी गुंडाळली गेली, की तिचे बाहेरचे टोक डबीच्या कडेवरून घसरते. त्यामुळे कितीही चालले, तरी कमान तुटण्याचे भय नसते.

आजोबांची पायपीट हेच घड्याळाचे अन्न होते, ही थट्टा नव्हती!

अशी घड्याळे करण्याची कल्पना जुनी आहे. खिशात ठेवण्याचे, चालण्याच्या हालचालीने भरणारे घड्याळ अठराव्या शतकात स्वित्झर्लंडमध्ये आब्राहाम-लुई पेर्ले याने तयार केले, असे सामान्यतः मानतात. मनगटी घड्याळात ही युक्ती जॉन हार्वुड या इंग्रज कारागिराने १९२३ च्या सुमारास आणली. किल्लीच्या छिद्रातून धूळ व ओल आत शिरून घड्याळे बिघडतात, हे त्याच्या ध्यानी आले होते. म्हणून त्याने किल्लीच काढून टाकण्याचा विचार केला. १९३१ मध्ये रोलेक्स या संस्थेने पूर्ण वर्तुळात फिरणारा रोटर प्रचारात आणला. आपल्या देशात हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी संस्थेने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना सुरू केला. तेथे साध्या किल्लीच्या घड्याळांबरोबर पुढे स्वयंचलित घड्याळेही तयार होऊ लागली. हा घड्याळांचा व्यवसाय २०१६ साली बंद करण्याचा निर्णय झाला. तरी 'एचएमटी'ची ती घड्याळे आजही अनेक घरांत जपून ठेवलेली आढळतात.

पुरी भरलेली कमान घड्याळ साधारणपणे चाळीस तास चालविते. आजोबा पलंगावर पडले, रोटर स्थिर झाला आणि साठलेली शक्ती संपताच घड्याळ थांबले. त्यात बिघाड काहीच नव्हता. मामेभावाने ते चार वेळा हलविले, तेव्हा कमानीस थोडासाच पीळ बसला. ती शिदोरी रात्रभर कशीबशी पुरली आणि सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी संपली. पुढे साडेसातला त्याने घड्याळ उचलताच रोटर फिरला आणि ते आपोआप पुन्हा चालू लागले. पण जेथे थांबले होते तेथूनच! मधली सत्तर मिनिटे हरवली.

घड्याळजी म्हणाले, "बाळ, पूर्ण बंद पडलेल्या घड्याळाकडे पाहून माणूस सावध होतो. पण थांबून पुन्हा चालू झालेलं घड्याळ फार फसवतं. ते चालतंय म्हणून आपण त्याच्यावर विश्वास टाकतो. तेव्हा थांबलेलं घड्याळ नुसतं हलवून भागत नाही. ते रीतीनं सुरू करावं लागतं."

ती रीत त्यांनी मला करून दाखविली. पहिली गोष्ट म्हणजे घड्याळ हातातून काढून घ्यावे. मनगटावर असताना किल्ली फिरविली, तर ती वाकडी ओढली जाते व तिचा नाजूक दांडा झिजतो. नंतर कडेच्या खाचेदार गुंडीने, म्हणजेच किल्लीने, सावकाश वीस ते तीस फेरे द्यावेत. किल्ली आवळून बसविलेली असेल, तर आधी ती उलट फिरवून मोकळी करावी. काही स्वयंचलित घड्याळांस किल्लीने पीळ देता येत नाही. अशा वेळी घड्याळ आडवे धरून एखादे मिनिट हलकेच गोलाकार फिरवावे आणि मग ते दिवसभर हातावर वापरावे. जोराने झटके मात्र कधीही देऊ नयेत.

कमान भरली, की मग वेळ लावावी. ज्या घड्याळात तारीख असते, त्यात एक पथ्य पाळावे लागते. रात्री नऊपासून पहाटे तीनपर्यंत तारीख बदलणारी चाके एकमेकांत गुंतलेली असतात. त्या वेळेत किल्लीने तारीख एकदम बदलू गेल्यास एखादा दाता मोडण्याचा संभव असतो. म्हणून काटे आधी साडेसहावर आणावेत आणि तारखेच्या खिडकीत आदल्या दिवसाची तारीख आणावी. मग काटे पुढे फिरवीत राहावे. ज्या क्षणी तारीख बदलेल, त्या वेळी घड्याळात मध्यरात्र झाली असे समजावे. तेथून पुढे मोजून सकाळची वा दुपारची खरी वेळ लावावी. असे न केल्यास तारीख भर दुपारी बारा वाजता बदलू लागते!

शेवटी किल्ली आत दाबून, आवळावयाची असल्यास नीट आवळून बसवावी. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. खाऱ्या पाण्याचा एक थेंबही आतील पोलादास गंज चढवितो. दुसऱ्या दिवशी घड्याळ पुन्हा खऱ्या वेळेशी ताडून पाहावे. इतके करूनही ते चालले नाही, तर आतील तेल सुकले आहे किंवा धूळ शिरली आहे असे समजून ते जाणत्या कारागिराकडे न्यावे. झाकण स्वतः उघडू नये.

"आणि लोहचुंबकापासून ते दूर ठेव," असेही घड्याळजींनी सांगितले. चुंबकाच्या प्रभावाने ती केसासारखी कमान बिघडते व घड्याळाची गती बदलते. ही गोष्ट अलिबागकरांस सहज पटावी. कारण आपल्या गावात १९०४ साली स्थापन झालेली चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील सूक्ष्म मोजमापांत व्यत्यय येईल, हे ओळखून डॉ. नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधांसाठी अलिबागची शांत जागा निवडली. तेथील वेधगृहे बांधताना लोखंड कटाक्षाने टाळले गेले. नाजूक यंत्रांस चुंबकापासून किती जपावे लागते, याचा हा उत्तम दाखला होय. आज ध्वनिवर्धक, भ्रमणध्वनी आणि त्यांची झाकणे यांतही चुंबक असतात. त्यांच्यावर असे घड्याळ ठेवू नये.

मी घड्याळजींना विचारले, "काका, पण खरी वेळ कोणती, हे कसं ठरतं?" त्यांनी सांगितलेली हकीकतही मनोरंजक आहे. पूर्वी प्रत्येक गावाची वेळ तेथील सूर्यावरून ठरे. पाण्यावर सोडलेले तळाशी छिद्र असलेले घटिकापात्र भरून बुडाले, की एक घटका झाली असे मोजीत. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे. पुढे आगगाड्या व तारायंत्रे आली आणि गावोगावच्या निरनिराळ्या वेळा अडचणीच्या होऊ लागल्या. म्हणून १९०६ साली साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरील वेळ ही भारतीय प्रमाणवेळ ठरली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे आहे. मुंबईकरांनी आपली ही वेळ सहजासहजी सोडली नाही. शहरात काही ठिकाणी ती १९५५ पर्यंत चालू होती. आज आपल्या देशाची प्रमाणवेळ नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील आण्विक घड्याळांवरून राखली जाते.

घरी येऊन मी हे सारे आजोबांस सांगितले. ते लक्षपूर्वक ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे बिघडलेलं काहीच नाही, नुसतं थांबलं आहे. माझ्या पायाचंही डॉक्टर तसंच म्हणतात." त्या दिवसापासून घड्याळाची जबाबदारी माझ्याकडे आली. रोज सकाळी ते हातातून काढून मी सावकाश फेरे देई, वेळ ताडून पाही आणि शाळेतून आल्यावर ते घालून पुळणीवर एक फेरी मारून येई. आजोबा रोज विचारीत, "पाणी कुठवर आलं होतं?" मी सांगे. मग ते तिथीवरून मनाशी हिशेब करीत आणि समाधानाने मान हलवीत.

सहा आठवड्यांनी त्यांचे प्लॅस्टर निघाले. पहिल्या दिवशी ते काठीच्या आधाराने अंगणापर्यंत आले, आठवड्याने फाटकापर्यंत, आणि माघ पौर्णिमेच्या आतच एके पहाटे माझ्या खांद्यावर हात ठेवून ते पुळणीवर आले. मी खिशातून घड्याळ काढून त्यांच्या मनगटावर बांधले. त्यांनी प्रथम समोरच्या पाण्याकडे पाहिले, मग घड्याळाकडे पाहिले, आणि दोहोंचा मेळ बसतो अशी खात्री झाल्यावर ते चालू लागले.

"आता उद्यापासून किल्ली देऊ नकोस," ते म्हणाले, "मी चालतोच आहे."